मोठी होडी कीं पुरेशी होडी?

संसारांत एखादी वस्तु ‘मोठी’ घ्यावयाची ठरली, कीं घरांतील प्रत्येकाच्या मनांत त्या मोठेपणाचें चित्र निराळें असतें. मोठें पातेलें हवें असें गृहिणी म्हणते, तेव्हां तिच्या डोळ्यांपुढें पाहुण्यांची पंगत असते. तेंच पातेलें भरल्यावर चुलीवरून उतरविणाऱ्यास मात्र आपले मनगट आठवतें. या वर्षीं वसंतांत आमच्या कन्येच्या घरीं असाच एक प्रश्न निघाला. फरक इतकाच, कीं वस्तु पातेलें नव्हतें, होडी होती. आणि घर पुण्यांतलें नव्हतें, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल नगराजवळचें होतें.

आमचे जांवई व्यवसायानें अभियंते. त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एक जुनी मोटरनौका विकत घेतली. लांबी बेचाळीस फूट, वजन सुमारें १२ टन, डीझेलचें एकच इंजिन, वेग ताशीं सात-आठ नॉट. आंत दोन निजण्याच्या खोल्या, छोटेखानी स्वयंपाकघर, आणि वरच्या डेकवर होडी उचलून ठेवण्यासाठीं एक लहानशी क्रेन. उन्हाळ्याच्या सुटींत सारें कुटुंब हिच्यांत बसून उत्तरेस सान हुआन बेटांकडे जातें. या समुद्रास आतां ‘सेलिश समुद्र’ असें म्हणतात. अमेरिकेच्या सरकारनें हें नांव २००९ सालीं मान्य केलें. बेटें शेंकडों, बहुतेकांस मोठ्या नौकेजोगा धक्का नाहीं. नौका उपसागरांत नांगरून ठेवावयाची आणि कांठावर जावयाचें तें लहान होडीनें. तेव्हां ही होडी म्हणजे चैनीचें खेळणें नव्हे. घराचा उंबरठा आहे. उंबरठाच डळमळूं लागला, तर घर कितीही चांगलें असून काय उपयोग?

या होडीस तिकडे ‘डिंगी’ म्हणतात. शब्द ऐकून आम्हांला तो अस्सल विलायती वाटला होता; परंतु कोश पाहतां कळलें, कीं इंग्रजांनीं तो हिंदी-बंगाली नाविकांच्या तोंडून उचलला व जगभर नेला. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास अशा ठिकाणीं थोडें रेंगाळण्याचा मोह होतो, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत सामान्य नौकांचे दहा प्रकार मापांसह दिले आहेत. सर्वांत लहान ती क्षुद्रा, सर्वांत मोठी ती मंथरा. त्या दहांपैकीं भीमा, भया आणि गर्भरा या तिघी अशुभ ठरविल्या आहेत. गंमत अशी, कीं या तिघी सर्वांत लहानही नाहींत नि सर्वांत मोठ्याही नाहींत. शुभाशुभ नुसत्या आकारावरून ठरत नाहीं, एवढें तरी त्यावरून आम्हीं मनाशीं टिपून ठेवलें.

आतां मूळ प्रसंग सांगतों. गेल्या वर्षीं आगस्टांत आमची नौका सूशिया बेटाच्या एको उपसागरांत उभी होती. या बेटावर प्रवासी आगबोट जात नाहीं. जो तो आपापल्या होडीनें उतरतो. आमची जुनी डिंगी साडेआठ फुटांची, हवा भरून फुगविण्याची. तिचा तळही हवेचाच. पाठीस पांच अश्वशक्तीचें इंजिन. मागल्या फळीवरील पाटीवर ‘चार माणसें’ असें स्पष्ट छापलेलें. आम्ही सहा होतों. ‘नातवंडें लहान आहेत, दोघांचें मिळून एक धरूं, आणि आम्हां म्हाताऱ्यांचीं वजनें तीं काय!’ हा हिशेब दुसऱ्या कोणीं केला नाहीं. तो आम्हींच केला. छत्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकवून झाल्यावर केला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

अर्धें अंतर सुखानें गेलें. मग दुरून एक वेगवान नौका गेली, तिची लाट आली, आणि मागच्या बाजूनें सरळ आमच्या होडींत शिरली. घोट्यापर्यंत पाणी झालें, इंजिन बंद पडलें. त्या समुद्राचें पाणी ऐन उन्हाळ्यांतही १० ते १३ अंशांच्या आसपास असतें. अशा पाण्यांत पडलेल्या मनुष्यास पहिल्या मिनिटांत धाप आवरत नाहीं, आणि दहा-एक मिनिटांत बोटांतली शक्ति जाते. मग पोहतां येत असूनही दोर धरवत नाहीं. हें सारें आम्हांला नंतर कळलें. तेव्हां फक्त सर्वांचे चेहरे दिसत होते. जांवयांनीं वल्हीं मारून होडी कशीबशी नौकेपर्यंत परत आणली. वर चढतांना आमच्या सौभाग्यवतींनीं होडीच्या कडेवर पाय दिला, कड दबली, होडी मागें सरली, आणि त्यांचा एक पाय नौका व होडी यांच्या मधल्या फटींत गेला. कन्येनें वरून दंड घट्ट धरला म्हणून निभावलें. गुडघा सुजला, एवढ्यावरच गेलें. परंतु पुढचे तीन दिवस त्या कांठावर उतरल्या नाहींत. आम्ही बेटें पाहून येत होतों आणि त्या खिडकींतून हात हलवीत होत्या. कोणी आग्रह केला कीं म्हणत, “मला येथेंच बरें वाटतें.” बरें वाटत नव्हतें, हें छत्तीस वर्षांच्या सहवासानें आम्हांला ठाऊक होतें.

म्हणून या वर्षीं मोठी होडी घ्यावयाची, यावर घरांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो ‘मोठी’ या शब्दाच्या अर्थावर. जांवयांच्या मनांत साडेबारा फुटांची, मध्यें सुकाणाचें चाक असलेली, चाळीस अश्वशक्तीची होडी होती. सहाही जण एका खेपेंत जातील, असें त्यांचें म्हणणें. कन्येला ती नौकेच्या मागील फळीवर ठेवावयाची होती, म्हणजे उचलाउचल नको. चौदा वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, उचलायचीच कशाला? दोरानें बांधून मागून ओढूं.” आणि आमच्या मनांत, खरें सांगावयाचें तर, लांकडाची एक सुबक होडी होती. लहानपणीं कोंकणांत खाडीच्या तरींत बसलेल्या मनुष्यास हवा भरलेल्या कापडाचा विश्वास कसा वाटावा?

एकेकाचें मत तपासून पाहिलें. ओढून नेण्याची युक्ति शांत पाण्यांत व थोड्या अंतरास चालते. पुष्कळ लोक तसें करतातही. परंतु मागून लाटा येऊं लागल्या, कीं ओढलेली होडी धांवत पुढें येते, मग मागें राहते, आणि दर वेळीं दोरास हिसका बसतो. पाण्यानें भरली तर दोर तरी तुटतो, नाहीं तर ज्या कडीस बांधला ती निखळते. नौका मागें घेतांना सैल दोर पंख्यांत गुंडाळला गेला, कीं इंजिनच अडतें. दोर पाण्यावर तरंगणारा घेतला तर हा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. मागील फळीवर ठेवणें सोयीचें खरें. पण त्या फळीस किती भार झेपतो हें नौका बांधणारा ठरवितो, आणि आमच्या नौकेची ती फळी पोहणाऱ्यांस चढण्यापुरतीच होती. शिवाय मागून आलेली एक मोठी लाट होडींत भरली, तर एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन एका क्षणांत नौकेच्या शेपटीवर येतें. राहिला वरचा डेक आणि क्रेन.

येथें आम्हीं वही उघडली. गेल्या वर्षीं जो हिशेब चुकविला, तो या वर्षीं तरी नीट मांडावा, ही एक इच्छा त्यांत होती. विक्रेत्याच्या पत्रकांत मोठ्या होडीचें वजन २०० किलो लिहिलेलें होतें. तें नुसत्या होडीचें. त्यांत चाळीस अश्वशक्तीचें इंजिन ९८ किलो, बॅटरी २०, पंचवीस लिटर पेट्रोल १९, नांगर-साखळी-दोर ८, वल्हीं व पंप ५ मिळविले. बेरीज ३५० झाली. क्रेनवरची पाटी ३०० सांगत होती. जांवयांनीं बेरीज दोनदां पाहिली व म्हणाले, “अप्पा, क्रेन बदलतां येईल.” आम्हीं म्हटलें, “क्रेन बदलाल. पण नौकेचें काय?” बारा टनांच्या नौकेवर, तिच्या गुरुत्वमध्याच्या तीन मीटर वर ३५० किलो ठेवले, तर तो मध्य सुमारें साडेआठ सेंटिमीटर वर सरकतो. अंक ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु कललेली नौका ज्याच्या जोरावर पुनः सरळ होते तें अंतर अशा नौकांत बहुधा मीटरभराच्या आसपासच असतें; त्यांतून साडेआठ सेंटिमीटर कायमचे खर्चीं टाकावयाचे. शिवाय क्रेननें होडी बाजूस काढली, कीं तिचा सारा भार क्रेनच्या टोंकावर, म्हणजे नौकेच्या कडेबाहेर लटकतो व नौका त्या अंगास कलते. वारा असतांना तो लोलक आवरणें दोघांचें काम नव्हे.

त्याच वहींत अकरा फुटांच्या दुसऱ्या एका होडीचाही हिशेब मांडला. तळ ॲल्युमिनियमचा, भोंवतीं हवेच्या नळ्या, होडी ६५ किलो, वीस अश्वशक्तीचें हातानें सुरू होणारें इंजिन ५२, बारा लिटर पेट्रोल ९, नांगर-साखळी-दोर ८, वल्हीं व पंप ५, एकूण १३९. गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर सरकतो आणि क्रेन निम्म्याहून कमी भारांत काम करते. जांवई मुकाट्यानें वही वाचीत बसले. अभियंत्यास उपदेश पटत नाहीं, बेरीज पटते.

डेकवर ठेवलेल्या होडीचें आणखी एक वजन असतें, तें कोणत्याच पत्रकांत नसतें: पाऊस. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा तळांत दहा सेंटिमीटर पाणी सांचलें, कीं ३०० किलो झाले. म्हणून होडी वर चढली कीं तळाचें बूच काढावयाचें, आणि खालीं सोडण्यापूर्वीं आठवणीनें बसवावयाचें. हें काम आम्हीं नऊ वर्षांच्या नातीकडे सोंपविलें आहे. मुलें अशा बाबतींत मोठ्यांपेक्षां अधिक काटेकोर असतात.

आमच्या लांकडी होडीचें काय झालें, असें वाचक विचारतील. तिच्याविरुद्ध मत पडलें तें न्याय्यच पडलें. कठीण होडी वल्ह्यांनीं सुरेख चालते, तिला भोंक पडण्याचें भय नाहीं, आणि ती दिसतेही डौलदार. परंतु लहान कठीण होडीच्या कडेवर पाय ठेवला, कीं ती त्या अंगास झटकन् कलते. भोंवतीं हवेच्या जाड नळ्या असलेली होडी कलूं लागतांच दबलेली नळी तिला उचलून धरते. म्हाताऱ्या माणसाच्या पायास हा फरक पुस्तकावांचून समजतो. नळ्यांचें कापड दोन प्रकारचें मिळतें. पीव्हीसी स्वस्त, पण कडक उन्हांत लवकर खराब होणारें. हायपालॉन जातीचें महाग, पण ऊन व तेल सोसणारें. कोंकण-गोव्याच्या उन्हांत होडी ठेवणाऱ्यानें दुसरेंच घ्यावें; तिकडे अठ्ठेचाळीस अंश अक्षांशावर, झांकण घालून ठेवल्यास पहिलें पुरतें, असें आमचें ठरलें. तळ मात्र धातूचाच हवा होता. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटींत पाण्याची पातळी तीन मीटरपर्यंत बदलते, आणि ओहोटीनें उघडे पडलेले खडक धारदार शिंपल्यांनीं भरलेले असतात. जेवून येईपर्यंत होडी कोरडी पडते व ती खडकावरून ओढीत पाण्यापर्यंत न्यावी लागते.

इंजिनाविषयीं आमचें मत सुरुवातीस प्रतिकूल होतें. वीस अश्वशक्ति कशाला, घाई कसली? जांवयांनीं येथें आम्हांला शिकविलें, आणि आम्ही शिकलों. भरलेली लहान होडी पाणी कापीत चालते तोंवर तिच्या वेगास तिच्या लांबीनेंच मर्यादा पडते. आठ फुटांच्या होडीस ती ताशीं पावणेचार नॉटांच्या सुमारास पडते. आणि त्या बेटांमधील कॅटल पाससारख्या अरुंद वाटांत भरतीचा प्रवाहच चार-पांच नॉट असूं शकतो! म्हणजे इंजिन चालू असून होडी मागें जावयाची. ही मर्यादा ओलांडावयाची, तर होडीनें पाण्याच्या पृष्ठावर चढून घसरत गेलें पाहिजे. त्यास तळ कठीण हवा व शक्ति पुरेशी हवी. पंधरा आणि वीस अश्वशक्तीचीं इंजिनें पुष्कळ कारखान्यांचीं जवळजवळ एकाच वजनाचीं असतात, म्हणून वीस. विजेचें इंजिनही पाहिलें. त्यानें पेट्रोल बाळगण्याची जोखीम टळते, पण वेगानें गेल्यास बॅटरी फार लवकर संपते. डीझेलच्या नौकेवर पेट्रोल ठेवणाऱ्यानें तें उघड्या डेकवरच ठेवावें. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळें बंद जागेंत तळाशीं सांचून राहते, आणि एक ठिणगी पुरते.

परंतु वहीनें सर्व ठरत नाहीं. आम्हीं विक्रेत्यास विनंति केली, कीं होडी पाण्यांत उतरवून दाखवावी, आणि परीक्षेस सारें कुटुंब येईल. परीक्षा चार घेतल्या. तीन मोठीं माणसें एकाच कडेस बसलीं. होडी कलली, पण पाणी आंत आलें नाहीं. इंजिन बंद करून केवळ वल्ह्यांनीं चालविली; हवेची होडी वाऱ्यास वल्ह्यांना दाद देत नाहीं, तरी शंभर हात गेली. नातू अंगांत उबदार पोषाख घालून पाण्यांत उतरला व बाहेरून आंत चढूं लागला. चढतां येईना, म्हणून लोंबती शिडी खरेदीच्या यादींत गेली. चौथी परीक्षा सौभाग्यवतींची होती. त्या धक्क्याशीं उभ्या राहून बराच वेळ होडीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “धरायला कांहीं नाहीं.” आम्ही सर्वांनीं नळ्या, तळ, इंजिन पाहिलें होतें, हात कोठें ठेवावयाचा हें कोणींच पाहिलें नव्हतें. नौकेच्या मागील दाराशीं एक उभा पोलादी दांडा बसवावयाचा, असें तेथेंच ठरलें. साऱ्या खरेदींत सर्वांत स्वस्त वस्तु तीच होती.

आतां एक गोष्ट राहिली, आणि तीच मुख्य. अकरा फुटांच्या होडीवरील पाटी पांच माणसें सांगते, आणि त्यांतील माणूस बहुधा ७५ किलोंचा धरलेला असतो. आम्ही सहा. जांवई म्हणाले, “अप्पा, मग मोठी घेऊन मिळविलें काय? एकाच खेपेंत जातां येत नाहींच.” येथें आम्हांला आपल्या घरची पंगत आठवली. एकत्र कुटुंबांत वीस पानें असलीं आणि माजघरांत बाराच मांडतां येत असलीं, तर भिंत पाडीत नाहींत; पहिली पंगत उठते, दुसरी बसते. मुलें व म्हातारीं आधीं, कर्तीं माणसें मागून. त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. गेल्या वर्षींचा अपघात लहान होडीमुळें झाला असें आम्ही म्हणत होतों. खरें पाहतां तो सर्वांनीं एकाच पंगतीस बसण्याच्या हट्टामुळें झाला. तो हट्ट तसाच ठेवून साडेबारा फुटांची होडी आणली असती, तर पुढल्या उन्हाळ्यांत पाहुणे धरून तींत नऊ माणसें बसलीं असतीं. आमच्या लहानपणीं कोंकणांतलीं वडील माणसें ‘रामदास’ बोटीची गोष्ट सांगत. ती १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे जातांना बुडाली व सहाशेंहून अधिक जीव गेले. ती आमच्या डिंगीच्या कितीतरी पट मोठी होती. समुद्र होडीची लांबी विचारीत नाहीं.

तेव्हां नियम असा केला: चारांहून अधिक माणसें एका खेपेंत बसावयाचीं नाहींत, पाटी पांच म्हणत असली तरी. एक जागा लाटेसाठीं. तरंगतें जाकीट सर्वांनीं घालावयाचें. त्या राज्यांत एकोणीस फुटांखालच्या चालत्या होडींत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस तें कायद्यानेंच घालावें लागतें, आणि नातीनें घालावें व आजोबांनीं घालूं नये, हें शोभत नाहीं. चालविणाऱ्याच्या मनगटास इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असावयाची. तो पाण्यांत पडला तर होडी त्याच्यावर फिरूं नये. हाही १ एप्रिल २०२१ पासून तिकडे लहान नौकांस कायदा आहे, परंतु कायदा नसता तरी आम्हीं तो घरांत केला असता.

जुलैंत आम्ही पुनः सूशियास गेलों. तोच एको उपसागर, तेंच थंड पाणी. क्रेननें होडी खालीं आली. नातीनें बूच बसविलें व तसें मोठ्यानें सांगितलें. पहिल्या पंगतीचीं नांवें कन्येनें वाचलीं: आजी, दोन्ही नातवंडें, आणि चालवावयास जांवई. सौभाग्यवती दांड्यापाशीं आल्या. जांवई होडींतून म्हणाले, “आई, हात द्या.” त्यांनीं डाव्या हातानें दांडा धरला, उजवा पाय नळीवर ठेवला, क्षणभर भार देऊन पाहिला, आणि दुसरा पाय उचलीत म्हणाल्या, “हात राहूं द्या. ही हलत नाहीं.”

इंजिन सुरू झालें. आम्ही कन्येसह नौकेच्या मागील दाराशीं दुसऱ्या पंगतीची वाट पाहत उभे राहिलों. पहिली खेप कांठास लागली. तेथून कोणीतरी आमच्याकडे पाहून हात हलवीत होतें.